माधवचा वाटाण्याएवढा शनी

माधव गेल्याची बातमी त्याच्या शेजारच्या कोकिलाबेननी फोनवर दिली. आदल्या रविवारीच मी तरसालीला त्याच्याकडे चहा पिऊन आलो होतो. "बपोरे सूता, पछी उठ्या ज नहीं," त्या म्हणाल्या. दुपारी झोपला तो उठलाच नाही. सगळा जन्म बडोद्यात काढूनही अशा वेळी गुजरातीत काय बोलतात ते मला सुचेना.

पंधरवड्याने रावपुऱ्यात शोकसभा झाली. कारखान्यात पाइपांच्या गळत्या शोधत निवृत्त झालेल्या माझ्या मित्राला वक्त्यांनी आधी 'खगोल अभ्यासक', मग 'खगोलशास्त्रज्ञ' आणि आभारप्रदर्शनापर्यंत 'ऋषितुल्य' केलं. आणखी दोन वक्ते असते तर त्याचा तारा झाला असता. व्यासपीठामागे शनीचा भिंतभर फलक होता. फोटो कुठल्याशा अंतराळयानाने काढलेला. कार्यकर्त्यांनी तो इंटरनेटवरून उतरवून खाली माधवचं नाव घातलं होतं आणि वर हार. माधवने काढलेला शनी वाटाण्याएवढा, कडेने धूसर. अलीकडे शनीचं कडं आपल्याकडे धारेने वळलेलं, इतकं बारीक दिसायचं की वाटाण्यात टाचणी आरपार खोचल्यासारखी. हा विनोद सांगावा म्हणून मी शेजारी वळलो. शेजारची खुर्ची रिकामी होती. तसंही तो ज्याला कळला असता त्याचीच सभा चालली होती.

बायको गेल्यावर त्याने दुर्बीण घेतली. ती मागच्या अंगणात लावायचा. गच्चीचं सिमेंट दिवसभराचं ऊन संध्याकाळी परत करतं आणि त्या गरम हवेत ग्रह थरथरतो, म्हणून. एकदा त्याने कोकिलाबेनना शनी दाखवला. त्यांनी डोळा लावण्याआधी चपला काढल्या. पुढच्या शनिवारी मी सहजच डोकावलो तर दुर्बिणीच्या तोंडासमोर तेलाचा दिवा, आणि दुर्बिणीला जोडलेल्या लॅपटॉपवर शनी आधणातल्या शितासारखा उसळतोय.

"कोकिलाबेन, दीवो जरा आघो मूको ने. शनिमहाराजने गरमी थाय छे," माधव म्हणाला.

"तमे ज खसेडो. मने पाप लागे."

माधव पक्का नास्तिक, पण त्यानेही दिवा हलवला नाही. त्या घरी गेल्यावर मी म्हटलं, "फुंकर मार की."

"त्या बघतात रे खिडकीतून. आणि शनिवारचं कोणीतरी येतं माझ्याकडे. तुझा काय, रविवार ठरलेला."

तेव्हापासून शनिवारी शनीचे फोटो बंद झाले.

त्याची मुलगी केतकी पुण्याला असते. आठव्या मजल्यावर बाबांसाठी खोली तयार ठेवून ती बोलवत होती, आणि हा टाळत होता. आधी गुरू चांगला दिसतोय, मग मंगळ जवळ येतोय, मग 'शनीचं कडं पुन्हा उघडू दे, येतोच.' सूर्यमालेत सबबींना तोटा नाही. आठव्या मजल्यावर अंगण नसतं, एवढं सरळ तो मुलीला कधी बोलला नाही. मला बरंच वाटायचं. तो पुण्याला गेला असता तर या गावात मला अरे-तुरे करणारं कोणी उरलं नसतं.

परवा केतकी घर आवरायला आली. घर विकायचं ठरलंय. लॅपटॉपमधलं सगळं पुसून तो कोणाला तरी देणार होती.

"काका, फोटो थोडेच आहेत. बाकी नुसते व्हिडिओ, सगळ्यांत एक ठिपका. काढून टाकू ना?"

मी सांगितलं, ग्रहाचा फोटो एका क्षणात निघत नाही. व्हिडिओ घ्यायचा, त्यातली स्थिर चित्रं निवडून एकावर एक रचायची आणि हललेली फेकायची.

"म्हणजे हे फेकायचेच."

"एक लाव तर खरं."

काळ्या पडद्यावर शनी डावीकडून निघाला आणि सावकाश उजवीकडे सरकत गेला. माधवच्या दुर्बिणीला मोटर नव्हती; पृथ्वी फिरत राहते, ग्रह निसटतो. तो कडेला पोचणार तोच चित्र गदगदा हललं आणि शनी पुन्हा डावीकडे आला.

"हे काय झालं?"

"तुझ्या बाबांनी दुर्बीण ढकलली."

शनी परत निघाला... परत धक्का. तो व्हिडिओ संपल्यावर तिने दुसरा लावला, मग तिसरा. बाहेर अंधारून आलं होतं. दिवा लावायला मी उठलो, तर तिने पडद्यावरची नजर न काढता माझा हात धरला.

"थांबा काका, आता हलवतील."