मागच्या दारावरचा ओरखडा

नेदरलंड्सच्या फ्रीसलंड प्रांतातल्या त्या कालव्याकाठच्या गावात हिस्केला म्हातारी म्हणायची कोणाची छाती नव्हती. वय अठ्ठ्याहत्तरीला टेकलेलं, पाठ सरळ आणि जीभ त्याहून सरळ. नवरा होता तोवर गाडी तो चालवायचा आणि शेजारी बसून हिस्के त्याला चालवायची. तो गेल्यावर मधला माणूस कमी झाला, एवढंच.

तिची ती छोटी आकाशी गाडी म्हणजे अर्ध्या गावाचे पाय. बाजाराला येल्त्ये, गाण्याच्या तालमीला कालव्यापलीकडची बाउक्ये, सगळ्या हिच्याच भरवशावर. बस गावात यायची कधीच बंद झालेली. त्यामुळे त्या मंगळवारी हिस्के गाडी मागे घेत असताना फाटकाच्या खांबाला ती घासल्याचा खर्रकन आवाज झाला, तशी समोरची येल्त्ये हातातला बटाटा टाकून धावत आली.

"गेली गं बाई गाडी!"

"गाडी इथंच आहे. ओरडू नकोस, लोक पडद्याआडून बघायला लागतील."

पडद्याआडून कशाला, सगळे सरळ खिडकीतूनच बघत होते.

मागच्या दारावर हातभर लांब ओरखडा उठला होता. मागे एकदा गाडीच्या दिव्याची काच फुटली तेव्हा हिस्केच्या मुलाने, सिब्रेनने, स्पष्ट बजावलं होतं, "आई, आता गाडीला आणखी काही झालं तर किल्ली माझ्याकडे." आणि वाद मिटावा म्हणून हिस्के चारचौघांत हो म्हणून बसली होती. आता येत्या रविवारी तिचा वाढदिवस, आणि सिब्रेन येणार!

"गॅरेजला टाक," येल्त्ये म्हणाली.

"गॅरेजवाल्याची बायको सिब्रेनच्या वर्गातली. संध्याकाळच्या आत त्याला फोन जाईल. रंग मीच लावणार."

"तू? गाडीला?"

"घराची दारं दरवर्षी कोण रंगवतं? ही पण दारंच आहेत."

दाराच्या आतल्या कडेला चिकटवलेल्या पट्टीवर रंगाचा क्रमांक असतो. त्याच क्रमांकाची, झाकणाला ब्रश असलेली बाटली तिने दुकानातून आणली. पण घाईघाईने फासायला हिस्के काही कच्ची नव्हती. बरणीच्या झाकणावर आधी ठिपका दिला, सुकू दिला, मग झाकण दाराला लावून बघितलं आणि मान हलवली.

"अगं, तोच तर आहे!" येल्त्ये म्हणाली.

"हा लग्नाच्या दिवशीचा रंग. गाडीच्या लग्नाला किती उन्हाळे झाले? रंग विटलाय तिचा. आपल्यासारखाच."

"तुझ्यासारखा म्हण."

मग काडीच्या टोकाने त्या निळ्यात पांढरा मिसळणं सुरू झालं. एकदा जास्त झाला, रंग दुधासारखा पडला. पुन्हा नवा ठिपका, पुन्हा सुकेपर्यंत थांबणं. ओला रंग फसवतो, सुकल्यावरच खरं काय ते बोलतो. हिस्केने झाकण उन्हात धरलं, सावलीत धरलं, ढग आल्यावर पुन्हा धरलं. बाउक्ये सल्ला द्यायला येऊन गेली. "वर एक मोठं फूल चिकटव की! सध्या फॅशन आहे."

"तुझ्या तोंडाला चिकटव," हिस्के म्हणाली आणि कामाला लागली.

पॉलिशपेपर पाण्यात भिजवून ओरखडा हलक्या हाताने घासला, पुसला, त्यावर प्रायमर भरला. रंग तिने ब्रशने ओढला नाही. काडीने टिपत टिपत, पातळ पातळ थर चढवले. वरून चकाकीसाठी पारदर्शक लॅकर. शनिवारी मऊ फडक्याने घासून ती मागे सरकली आणि स्वतःशीच हसली.

रविवारी पाहुणे आले. गोल मांडलेल्या खुर्च्यांवर बसण्याआधी तिथल्या रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने प्रत्येकाचं अभिनंदन केलं, जणू सगळ्यांचाच वाढदिवस होता. कॉफी झाली, केक कापला. सिब्रेन आत येण्याआधीच गाडीला एक प्रदक्षिणा घालून आला होता.

"गाडी छान ठेवलीस हं, आई."

येल्त्येने सुटकेचा निःश्वास टाकला. प्रकरण तिथंच मिटलं असतं. पण चार दिवस खपून केलेलं काम कोणाला दिसूच नये, हे हिस्केला सोसवेना.

"नुसतं छान? मागचं दार नीट बघितलंस?"

येल्त्येने कोपर मारलं.

"येल्त्ये, कोपर आवर. सिब्रेन, चल बाहेर."

कप हातात धरून सगळा गोतावळा अंगणात आला. सिब्रेन वाकला, चष्मा लावला, दारावरून बोट फिरवलं. "काय शोधायचंय?"

"ओरखडा! हातभर होता. सापडतो का बघ."



"म्हणजे गाडी घासलीस," सिब्रेन हळूच म्हणाला. "आई, तू शब्द दिला होतास."

हिस्केने खिशातून किल्ली काढून आपल्या तळहातावर ठेवली आणि हात त्याच्यापुढे धरला. 

"आणि मला बाजाराला कोण नेणार?" येल्त्ये कळवळली.

"पण खांब दिसला नाही तुला?" सिब्रेनने विचारलं.

"खांब तुझ्या बापाने रोवल्यापासून तिथंच आहे, त्याला काय बघायचं? मी कालव्यापलीकडे बघत होते. बाउक्येच्या भिंतीला सायकल टेकवलेली. पुरुषाची, हिरवी, मागच्या चाकाला नवंकोरं कुलूप. अशी सायकल गावात एकच, गायनमास्तरांची. तालीम गुरुवारी, आणि मास्तर मंगळवारी!"

सगळ्या माना बाउक्येकडे वळल्या. तिने कप बशीवर ठेवला.

"गाण्यातली एक जागा सारखी चुकत होती माझी," ती म्हणाली.

"मग पडदा का ओढला होता?" हिस्केने विचारलं.

सिब्रेनने हसू दाबायचा प्रयत्न केला, तो फसला. त्याने कालव्यापलीकडच्या त्या घराकडे बघितलं, मग पुन्हा दाराकडे.

"इथून कुलूप दिसलं तुला?"

"चकाकत होतं."

त्याने तिची बोटं किल्लीवर मिटवली. "डोळ्यांची काळजी मिटली माझी. ठेव. पण गाडी मागे घेताना बाउक्येच्या घराकडे बघायचं नाही."

"नाही बघणार," हिस्के गंभीरपणे म्हणाली. "आधी गाडी थांबवीन, मग बघेन."