केसरकाकूची डावी चप्पल

केसरकाकू गेली तेव्हा मी पुण्याच्या प्रयोगशाळेत उंदराला इंजेक्शन देत होतो. चुलतभावाचा फोन आला, "आई गेली रे, झोपेतच." रडलो, आणि प्रकाशा या आमच्या गावी पोचेपर्यंत तिचे टोमणेच आठवत बसलो... ती कधी माणसाला धड रडू द्यायची नाही.

काकूच्या डाव्या पायाला हत्तीरोग होता. तरुणपणीच डासातून आलेले जंत लसिकावाहिन्यांत, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सोबतीनं जाणाऱ्या फिक्या पाण्याच्या नळ्यांत, ठाण मांडून बसले होते. त्यामुळे उजवी चप्पल बाजारातली आणि डावी शहाद्याहून मापानं शिवून आणलेली, सुपाएवढी. माझं संशोधन नेमकं या नळ्यांत औषध पोचवण्याचं, डोळ्यांना न दिसणाऱ्या नॅनोकणांत भरून. पीएचडीला लागलो तेव्हा मोठ्या तोऱ्यात तिला समजावलं : कण फार बारीक झाला तर रक्तात निसटतो, फार मोठा झाला तर टोचल्या जागीच बसून राहतो, मधला तेवढा लसिकेत शिरतो. काकू डाळ चाळत होती. "म्हंजे चाळनीना खेळ शे! मी रोजच करस, मले कोनी डॉक्टर म्हनत नहीं!" मग हळूच म्हणाली, "मन्हा पायले लागू व्हई का रे?"

"होईल की," मी म्हणालो. औषध उंदरापलीकडे गेलं नव्हतं, आणि इतक्या वर्षांची सूज ते उतरवणार नाही हेही मला ठाऊक होतं. दर दिवाळीला ती विचारी, मी तेच सांगे. गेल्या दिवाळीत मात्र धीर करून खरं बोललो. ती पायावरून हात फिरवत म्हणाली, "मले माहीत व्हतं. तू खोटं बोलस तवय तुन्हा कान लाल व्हतस. पन दुसराले हाऊ रोग व्हवाले नको, इतलं कर."

ते काम तिनं स्वतः केव्हाच सुरू केलं होतं. हत्तीरोग टाळायच्या गोळ्या वाटायला आरोग्य केंद्राची आशाताई आली, की गोळी मुठीत लपवणारे गावात पुष्कळ. काकू लंगडत तिच्याबरोबर ओट्याओट्यावर जाई, डावी चप्पल काढून समोर ठेवी : "गोळी खाई ले, नहीं ते हाई पायमा घाल!" माणसं हसत हसत गिळत.

दशक्रियेनंतर ती जोडी मी पिशवीत भरली, प्रयोगशाळेतल्या टेबलावर ठेवायला. निघताना आशाताई दारात आली. जरा संकोचली. "भाऊ, तेवढी डावी चप्पल ऱ्हाऊ द्या ना. पुढला महिनामा गोळ्या वाटन्या शेतस."

दिली. उजवी माझ्या टेबलावर आहे. परवा एका विद्यार्थिनीनं विचारलं, "सर, हिची जोडीदार कुठंय?"

म्हटलं, कामावर गेलीय.