वांग्याची भाजी आणि माझे मिटलेले डोळे

चहा घ्या आधी, कारण आता जी फजिती सांगणार आहे ती गावात कोणाकडून तरी ऐकालच. त्यापेक्षा माझ्याच तोंडून ऐका.

मला स्वयंपाकाच्या पिक्चरचं वेड. नेरडीगोंड्याला माझं किराणा दुकान. गिऱ्हाईक नसलं की मोबाईलवर पिक्चर सुरू! मल्याळम, जपानी, कुठलाही चालतो. भाषा कळत नाही, पण कांदा कढईत पडला की मला सगळं कळतं. बायको म्हणते, "काय हो, पिक्चर पाहून पाहून तुमचं पोट सुटून राह्यलं!" खोटं नाही. पाहताना चिवड्याचा डबा उघडाच असतो ना!

या पिक्चरांत एक म्हातारा परीक्षक हमखास असतो. एकच घास घेतो, चमचा खाली ठेवतो, डोळे मिटतो. सगळं हॉटेल चिडीचूप! मग त्याच्या गालावरून एक थेंब ओघळतो आणि आपण समजायचं, स्वयंपाकी जिंकला. मी तिथं दर वेळी रडतो.

तर, माझा पुतण्या संतोष. त्याला वांकिडीची सुनीता आवडली, तिलाही तो. घरच्यांनी हो म्हणायचं तेवढं बाकी होतं. थोरले भाऊ हयात नाहीत, म्हणून वडीलधारा मी. सुनीताच्या घरी जेवायला निघताना संतोष कळवळून म्हणाला, "काका, तुमी फक्त जेवा. बाकी काई करू नका."

आता याहून सोपं काम कोणतं?

पानं वाढली. ज्वारीची भाकर, आणि सुनीतानं केलेली वांग्याची भाजी. पहिला घास घेतला आणि खरं सांगतो, जीव सुखावला! नुसतं 'छान झाली' म्हणणं म्हणजे त्या भाजीचा अपमान. म्हणून मी हात मागं घेतला, डोळे मिटले आणि थेंबाची वाट पाहू लागलो.

थेंब काही येईना.

"काऊन जी, लय तिखट झाली का?" सुनीताच्या वडिलांनी घाबरून विचारलं.

मी एक बोट वर केलं. थांबा म्हणून.

"पाव्हण्याले आवडली नाई वाटते," दारातून तिची आई.

मी मान हलवली. सावकाश, डावीकडून उजवीकडे. म्हणजे, काय ही चव! संतोषनं मांडीला असा चिमटा काढला की डोळ्यांतून खरंच पाणी आलं. मी मनात म्हटलं, जमलं!

डोळे उघडले तर सुनीताचे वडील ताटावरून उठलेले, आईच्या तोंडाला पदर आणि आत कुठंतरी भांडं आपटलेलं.

"एका घासात पोरगी नापास केली तुमी!" वडील म्हणाले.

"नाही हो, पिक्चरमध्ये असंच..."

"पिक्चर? आमच्या घरी जेवाले बसून तुमी पिक्चर आठवून राह्यले?"

आम्ही उपाशीपोटी परतलो. संतोषनं बोलणं टाकलं. पुढं एकदाच बोलला, "काका, माह्यं लग्न मोडलं तर तुमचा मोबाईल मी विहिरीत टाकीन." पोराचा चेहरा पाहून मला स्वतःचीच लाज वाटली. मग फोन केले, माफ्या मागितल्या. तिकडं सुनीताही हट्टाला पेटली, तेव्हा कुठं पुन्हा जेवायचं बोलावणं आलं.

या खेपेला भाजी सुनीताच्या आईनं स्वतः केली होती. मीही तयारीत होतो. डोळे सताड उघडे, आणि घास पुरता गिळायच्या आत मी सुरू! "वा! काय भाजी! मसाला कसा मुरलाय! आणि मीठ? सोनाराच्या काट्यावर तोलून टाकल्यासारखं!" भाकरीवर भाकर मागितली. घरची मंडळी आता खूश होणार!

संतोष जेवायचा थांबला. सुनीतानं तोंडावर ओढणी धरली. तिच्या वडिलांनी घास चावता चावता बायकोकडे पाहिलं.

"काऊन वं, भाजीत मीठ टाकलंच नाई का तू?"

"अगं बाई! पाव्हण्याच्या धाकानं इसरलीच मी!"

बाईंनी माझ्याकडे जरा वेळ पाहिलं. मी अजून चावतच होतो. मग त्यांचा चेहरा एकदम उजळला.

"मुहूर्त काढा जी," त्या नवऱ्याला म्हणाल्या. "इतकं अळणी खाऊन जे वा वा करते, त्यायच्या घरात आपली पोरगी लय सुखात राहीन."