धाकट्याचा चुरगळलेला सदरा

तिच्या इस्त्रीच्या टेबलावरून गेलेल्या कपड्याला सुरकुती शोधून सापडायची नाही. गल्लीतली माणसं लग्नाला, मुलाखतीला, अगदी कोर्टातही तिच्याच हातची घडी मोडून जात. तिचा सख्खा धाकटा भाऊ मात्र वर्षभर चुरगळलेल्या सदऱ्यात हिंडत होता.

"दिव्याखाली अंधार!" गिऱ्हाइकं हसत. भाऊ गवंडी. तो म्हणे, "भिंत सरळ असली म्हणजे झालं. सदऱ्याला कोण ओळंबा लावतो?"

ती हसत नसे. त्याचे कपडे पुढे आले की हात मागे घेई.

कारण जुनं होतं. तरुणपणी धाकटा परांचीवरून पडला, रक्त पाण्यासारखं वाहिलं. तेव्हा हिने दंड पुढे केला. आणखी दोन अनोळखी माणसांनी रक्त दिलं, आणि भाऊ वाचला. "माझ्या अंगात ताईचं रक्त आहे," असं तो भेटेल त्याला सांगायचा, आणि ते वाक्य ती दागिन्यासारखं मिरवायची. मग गेल्या वर्षी त्याचे पाय सुजले. तपासात सी प्रकारची कावीळ निघाली. घरच्यांचंही रक्त तपासलं, तर तीच कावीळ हिच्या रक्तात मुक्याने बसलेली. त्या काळी दिलेलं रक्त या आजारासाठी तपासत नसत.

हा आजार हात लावल्याने किंवा कपड्याने पसरत नाही, हे डॉक्टरीणबाईंनी बजावलं होतं. तिला ते पटलंही होतं. पण ज्या हाताने भावाला विष दिलं, तो हात त्याच्या सदऱ्यावर फिरवायचा कसा?

विषाणूची जात ठरवायला दोघांचं रक्त गेलं, तेव्हापासून तिचा जीव टांगणीला लागला. जात वेगळी निघाली, तर ती सुटली.

"दोघांची जात एकच," रिपोर्ट वाचून डॉक्टरीणबाई समोर बसलेल्या दोघा भावंडांना म्हणाल्या. "तिसऱ्या नंबरची."

तिने डोळे मिटले.

"मावशी, ऐका तरी. आपल्याकडे हीच जात जास्त. बाहेर बाकड्यावर बसलेत ना, त्यातले निम्मेअधिक याच जातीचे. हजारो रोग्यांचा हिशेब मांडला, तर कुठल्या वयात कुठली जात जास्त, कुणाचं यकृत लवकर बिघडतं, हे थोडंफार दिसतं. पण कुणाची कुणाला लागली, हे एवढ्यावरून कळत नाही. तुमची असेल, रक्त देणाऱ्या त्या दोघांपैकी एकाची असेल, नाहीतर कुठल्यातरी न उकळलेल्या सुईची."

"म्हणजे माझी नाही, असंही म्हणता येत नाही?"

"नाही, मावशी." बाई खोटं बोलल्या नाहीत. "औषध मात्र दोघांनाही आहे. यांचं यकृत जास्त थकलंय, यांना जपावं लागेल."

दोघं परत आली. दुकानाच्या पायरीशी भाऊ थांबला.

"समज, तूच दिलीस. मग?"

"मग काय? तोंड दाखवायला जागा उरली नाही मला."

"वेडे, त्या दिवशी दंड मागे घेतला असतास, तर आज कावीळ व्हायला मी होतो कुठे? भिंतीवर फोटो असता माझा." त्याने आपली चुरगळलेली कॉलर ओढली. "हां, फोटोतला सदरा तेवढा इस्त्रीचा असता."

"मेल्या!" ती म्हणाली, आणि लगेच जीभ चावली.

त्याने बटणं सोडली, सदरा टेबलावर टाकला आणि बनियनवर स्टुलावर बसला.

तिचा हात सवयीने मागे गेला. मग तिने पाणी शिंपडलं आणि कॉलरवर इस्त्री ठेवली. वर्षभराच्या सुरकुत्या इस्त्रीच्या एका हातात निघेनात.

"घाई नाही," धाकटा म्हणाला.

तिने पुन्हा पाणी शिंपडलं.