प्रशांत सरांची गाडी दोन इंच वर

वरचे तीनही बोल्ट मुकाट्याने बसले. मग मी वाकून खाली पाहिलं, तर स्ट्रटचं खालचं टोक चाकाकडे बघायचं सोडून इंजिनाकडे तोंड करून उभं होतं.

सकाळचे नऊ वाजले होते. बारा वाजता गाडीच्या मालकाचं सिहोऱ्याला साक्षगंध होतं. साक्षगंध म्हणजे आमच्याकडचा साखरपुडा. मालक प्रशांत सर, हायस्कुलात गणित शिकवतात. नवा कुर्ता घालून माझ्या गॅरेजातल्या स्टुलावर बसले होते आणि कुर्त्याला ग्रीस लागू नये म्हणून दोन्ही हात हवेत धरून होते.

"काय झालं?" त्यांनी विचारलं.

"काही नाही जी. पाहून राहिलो," मी म्हणालो. तुमसरात सव्वीस वर्षं गॅरेज चालवतोय. गिऱ्हाइकाला पहिल्याच दमात खरं सांगायचं नाही एवढं तर शिकलोच आहे.

सर ही गाडी घेऊन महिनाभरापूर्वी सिहोऱ्याला मुलगी पाहायला गेले होते. घराकडे वळणाऱ्या रस्त्यावर मुरमाचा एक उंचवटा होता. गाडीचं पोट त्यावर टेकलं आणि चाकं जागच्या जागी फिरत राहिली. मुलीच्या वडिलांनी ट्रॅक्टर आणला. दोर बांधला. तरी हलेना, म्हणून घरचे सगळे मागून ढकलायला आले आणि त्यात मुलगी पण होती. सरांनी तिला पहिल्यांदा पाहिलं ते आरशात, गाडी ढकलताना. पसंती झाली, पण आजूबाजूच्या चार गावांत त्यांचं नाव 'ओढून आणलेले जावई' असं पडलं.

"या वेळी मले स्वतःच्या चाकावर जायचं आहे, मिस्त्री," सर मला म्हणाले होते. "गाडी दोन इंच वर करा. इज्जतीचा सवाल आहे."

गाडी वर करायची म्हणजे काय ते सांगतो. पुढच्या चाकांवर शॉकअप आणि स्प्रिंग मिळून एक खांब असतो, तो स्ट्रट. सरांच्या गाडीचे जुने स्ट्रट तेल गाळत होते, म्हणून नवे जोडायचे होते, आणि त्यांच्या डोक्यावर दोन इंचांची लोखंडी चकती. मागचं काम सोपं, ते आदल्या दिवशी उरकलं होतं. पुढचं किचकट. स्प्रिंग आधी यंत्रात दाबायची, कारण ती सुटली तर माणसाला दवाखाना दाखवते. मग वर झाकण बसवायचं. झाकणाला तीन बोल्ट असतात. ते खालच्या टोकाच्या हिशेबात एका ठरावीक कोनातच यावे लागतात. म्हणून मी जुन्या स्ट्रटवरून माप घेऊन नव्यावर वर एक आणि खाली एक असे लाल खडूचे ठिपके मारून ठेवले होते. ठिपक्यासमोर ठिपका आणायचा आणि नट कसायचा. सकाळी मी तेच केलं. दोन्ही स्ट्रट जोडले. आणि आता दोन्ही इंजिनाकडे तोंड करून होते.

मी पुन्हा ठिपके पाहिले. समोरासमोर होते, अगदी छान. जरा जास्तच छान.

"सर, सकाळी या सामानाले कोणी हात लावला का?"

"कोणी नाही. आईनं फक्त पूजा केली."

सरांची आई, म्हणजे आमच्या मावशी, बाहेर बाकड्यावर बसल्या होत्या. मी आत चहा घेत होतो तेव्हा त्यांनी नव्या सामानाची पूजा केली होती. हळदकुंकू मला दिसलं होतं. मी वर नमस्कारही केला होता.

"मावशी, लाल ठिपके कोणी लावले?"

"म्या लावले."

"आणि आधी होते ते?"

"ते पुसले. कोणीतरी खडूनं घाण करून ठेवली होती. एक इकडे, एक तिकडे. पूजेचं कुंकू असं वाकडं राहते का? म्या ओल्या फडक्यानं साफ केलं अन् सरळ लावले."

म्हणजे मी दोन स्ट्रट मावशींच्या कुंकवाच्या हिशेबाने जोडले होते. चष्मा खिशात होता. लावला असता तर खडू आणि कुंकू यातला फरक कळला असता. पण मी चारचौघांत चष्मा लावत नाही, हा माझा जुना माज.

"मग चुकलं काय माझं?" मावशींनी विचारलं.

"तुमचं नाही चुकलं, मावशी. माझंच चुकलं." खरं म्हणजे मला स्वतःच्याच कानाखाली वाजवावीशी वाटली.

चष्मा लावला. दोन्ही स्ट्रट काढले, स्प्रिंग पुन्हा दाबल्या, झाकणं फिरवली, पुन्हा कसली. सर दर पाच मिनिटांनी घड्याळ बघायचे आणि मी दर पाच मिनिटांनी त्यांच्याकडे बघायचं टाळायचो. शेजारच्या टायरवाल्याकडे अलाइनमेंट, म्हणजे चाकं सरळ करून घेतली. साडेअकराला गाडी उभी राहिली तेव्हा खरोखर ऐटदार दिसत होती. मावशींना आत चढायला मात्र पाट ठेवावा लागला.

"तुम्ही पण चला," सर मला म्हणाले. "रस्त्यात काही झालं तर?"

मी तसाच, ग्रीसच्या हातांनी बसलो.

सिहोऱ्याला वळणावर सरांनी गाडी हळू केली, छाती पुढे काढली. आणि उंचवटाच नव्हता. जावई येणार म्हणून सासऱ्यांनी रस्ता जेसीबीने सपाट करून घेतला होता. सरांचा चेहरा परीक्षा रद्द झालेल्या हुशार मुलासारखा झाला.

घरापुढे मांडव होता आणि मांडवाला बांबूची फुलांनी सजवलेली कमान. सरांनी रुबाबात गाडी कमानीत घातली. वरून करकर आवाज आला. बांबू छतावरच्या कॅरिअरच्या दोन पट्ट्यांच्या मधे जाऊन बसला. पुढे घेतली तर मांडव डोलायचा, मागे घेतली तरी मांडव डोलायचा.

सासरे धावत आले. "असं कसं झालं? मागच्या वेळी तुमची गाडी इथं दोन तास फसून होती ना, तेव्हाच म्या कॅरिअरसकट उंची मोजून ठेवली होती. वर दोन बोटं जागा सोडून कमान बांधली."

दोन बोटं म्हणजे दीड इंच. गणिताच्या सरांना हिशेब लगेच कळला. त्यांनी स्टिअरिंगवर डोकं टेकवलं.

"ट्रॅक्टर आणू का?" सासऱ्यांनी अगदी मायेने विचारलं.

"नको," सर न बघताच म्हणाले.

आता माझं काम होतं. वर केलेली गाडी खाली कशी आणायची? वजनाने. मी खाली उतरलो आणि मांडवातल्या बायामाणसांना हात जोडले. "जड जड लोक आत बसा जी. लाजू नका."

पहिल्यांदा कोणीच पुढे आलं नाही. जड कोण, हे कोणी कबूल करेना. मग नवरीची मोठी आत्या उठली, पाटावरून चढली आणि मावशींच्या शेजारी बसली. मागोमाग चौघी आल्या. दोन मामा बॉनेटवर. स्प्रिंग दबत होती, पण बांबू सुटेना. अजून जरासं कमी पडत होतं. पुढची डावी सीट तेवढी रिकामी होती.

तेवढ्यात हिरवा शालू नेसलेली नवरी बाहेर आली. कोणालाही न विचारता पुढचं दार उघडून सरांच्या शेजारी बसली. बांबू सुटला. गाडी डुलत डुलत मांडवात शिरली आणि वाजंत्री वाजली.

"मागच्या वेळी खालून अडकली, आता वरून," नवरी सरांना म्हणाली. मी खिडकीपाशीच होतो, म्हणून ऐकू आलं. "लग्नाले होती तेवढीच करून आणा."

सरांनी मान हलवली. लग्न ठरल्यानंतर तिच्या शब्दाला त्यांनी मान हलवली ती हीच पहिली.

आठ दिवसांनी गाडी चकत्या काढायला परत आली. मावशी ताट घेऊनच आल्या होत्या. काढतानाही पूजा लागते म्हणाल्या. मी नाही म्हटलं नाही. चष्मा लावला, माप घेतलं आणि कुंकू कुठे लावायचं ती जागा बोटाने दाखवली. मावशींनी तिथेच लावलं.

दोन्ही स्ट्रट पहिल्या झटक्यात बसले. तेव्हापासून मी गाडी उंच करायला आलेल्या प्रत्येकाला विचारतो, जायचंय तिथे वर काय आहे आणि घरातून पूजेला कोण येणार आहे.