लौकी कोणी चाखायची

आमच्या घरी कामं वाटून दिलेली आहेत, आणि वाटणी मीच केली आहे. लौकी चाखायचं काम सासऱ्यांना दिलं, ही माझी चूक.

पांढरकवड्यात त्यांच्याबरोबर फिरायला जाणारी निम्मी मंडळी सकाळी लौकीचा, म्हणजे दुधी भोपळ्याचा रस पितात. सासऱ्यांनीही सुरू केला. वेल त्यांनीच अंगणात लावला. कडू निघालेली लौकी विषारी असते, म्हणून रस काढण्याआधी कच्ची फोड चाखायची, असा मी नियम केला. सासरे पाडव्याला कडुनिंबाचा पाला फुटाण्यासारखा चघळतात. कडूची इतकी सवय असलेला माणूस कडू लगेच ओळखेल, असं मी धरून चालले.

एका सकाळी त्यांच्या रसातून उरलेली अर्धी लौकी मी भाजीसाठी चिरायला घेतली, तुकडा तोंडात टाकला आणि बेसिनकडे धावले. सासरे भरलेला ग्लास घेऊन ओसरीवर बसत होते.

"मामाजी, पिऊ नका! कडू आहे."

"म्या चाखली ना. मस्त हाय."

"अहो, विष आहे ते."

"तुले तं मेथीबी कडू लागते."

मेथी मला कडूच लागते, पण वाद घालायला वेळ नव्हता. मी ग्लास त्यांच्या हातातून काढून घेतला. लग्नाला तेवीस वर्षं झाली, असं कधी केलं नव्हतं. नवऱ्याला फोड दिली. त्याने ती अंगणात थुंकली.

"बाबा, हे तुमाले कडू नाई लागलं?"

सासऱ्यांनी आणखी एक तुकडा जिभेवर ठेवला, विचार केला आणि मान हलवली. नाही.

मुलगी बी.एस्सी. करते. ती म्हणाली, "आबाजी, कोणाच्या जिभेला कोणतं कडू किती कळेल, हे जन्मापासूनच वेगवेगळं असते. वय झालं की आणखी कमी होते. तुम्ही कडू सहन नाही करत. तुम्हाला ते लागतच नाही."

"म्हंजे पाडव्याचा पाला?"

"त्यात काही विशेष नाही."

सासऱ्यांनी तुकडा खाली ठेवला. दुपारी वेल स्वतःच उपटून टाकला.

दुसऱ्या दिवशी बाजारातून लौकी आणली, एक फोड कापली आणि माझ्यासमोर धरली. मी चावली. ते माझ्या तोंडाकडे बघत उभे.

"गोड आहे," मी म्हटलं.

"गिळ मंग."

मी गिळल्यावर त्यांनी मिक्सर लावला.