कुणी न विचारलेला प्रश्न

माझी वहिनी चष्म्याच्या दुकानात गिऱ्हाइकांच्या नाकावर फ्रेम बसवून द्यायची. दिवसभर तिचा चेहरा लोकांपासून वीतभर अंतरावर. दुसऱ्या बाळंतपणानंतर पाळणा लांबवायला तिने दर तीन महिन्यांचं इंजेक्शन सुरू केलं आणि गालांवर, हनुवटीवर पुटकुळ्यांचं रान माजलं. कॉलेजात असतानाही तिला हा त्रास होता. आई म्हणाली, "तळलेलं कमी खा." मी शहाणी, "तोंड नीट धूत जा," म्हणाले.

वर्षभराने त्वचेच्या डॉक्टरीणबाईंनी पहिलाच प्रश्न केला, "मूल होऊ नये म्हणून काय घेता?"

इंजेक्शनातल्या हार्मोनमुळेच पुटकुळ्या उफाळल्या असाव्यात, हे त्यांच्याकडून कळताच वहिनीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. मला घेऊन ती तडक इंजेक्शन देणाऱ्या जुन्या दवाखान्यात शिरली.

"पूर्वी पुटकुळ्या यायच्या का, एवढं विचारायला तुमचं काय जात होतं?"

"सगळ्यांनाच होत नाही हो," डॉक्टर म्हणाले.

"मला झालं ना! वर्षभर घरचे माझं ताट तपासत होते!"

मी खाली मान घातली. पुढे तिने दुसरीकडे तांबी बसवून घेतली. तीत हार्मोन नसतात. चेहरा निवळायला आठ महिने लागले. माझ्याशी ती अजून तुटकच बोलते, आणि तिचं काही चुकत नाही.